'नको!'

मुलांनो, सकाळची वेळ आहे. गॅसवर दूध उतू जाण्याच्या बेतात आहे आणि तीन वर्षांचा बाळू अंघोळीला यायला तयार नाही. तो ठोकळ्यांचा पूल रचीत बसला आहे. आई म्हणते, "चल बाळ, पाणी निवते आहे." बाळू म्हणतो, "नको!" शेवटी आई त्याला उचलते. त्या गडबडीत पूल मोडतो व बाळू भोकाड पसरतो. असा प्रसंग कोणत्या घरात घडत नाही?

वरवर पाहता हे भांडण अंघोळीचे वाटते. वास्तविक आईला घड्याळ दिसत असते आणि बाळूला पूल. दोघेही आपापल्या जागी खरे असतात. परंतु एकाचे दुसऱ्याला दिसत नाही.

मूल दीड-दोन वर्षांचे झाले, म्हणजे आपण आईहून निराळे आहोत, आपल्यालाही इच्छा आहे, हे त्याला उमगू लागते. 'नको' हा त्या जाणिवेचाच उच्चार होय. शिवाय, राग आवरण्याचे काम मुख्यतः मेंदूच्या पुढील भागाचे असते. त्या भागाची वाढ विशी ओलांडल्यावरही चालू असते. मग बाळूने राग कसा आवरावा? त्यातून भूक लागलेली असली वा झोप अपुरी झाली असली, तर विचारावयासच नको!

अशा वेळी थोडी युक्ती कामी येते. "आणखी दोन ठोकळे, मग अंघोळ," असे आधी सांगितले, तर मुलाचे मन तयार होते. "निळा सदरा घालतोस की पिवळा?" असे विचारले, तर अंघोळ टळत नाही, पण निवड त्याची राहते.

लहानपणी मी एकदा पतंग चिकटवीत बसलो होतो. आईने जेवायला बोलावले, तेव्हा भांडलो आणि डबा न घेताच शाळेत गेलो. दुपारी ती उन्हातून डबा घेऊन आली. रागाचा एक शब्दही तिने काढला नाही. 'चुकलो' हा शब्द माझ्या ओठांवर आला होता. पण मी तो गिळला. आज तो म्हणावासा वाटतो. परंतु ऐकायला ती नाही.

म्हणून उद्या घरात 'नको!' ऐकू आले, तर नुसते पाहत बसू नका. धाकट्याला म्हणा, "तुझा पूल मी सांभाळतो, तू अंघोळ करून ये."