‘ती छोटी पांढरी गोळी द्या’

मेडिकलच्या काउंटरवरचे किस्से सगळीकडे चवीने सांगितले जातात. “आईची ती छोटी पांढरी गोळी द्या” एवढ्याच माहितीवर अडून बसलेला मुलगा, बाटलीत नुसती पावडर पाहून “अहो, ही रिकामी आहे, भरलेली द्या” म्हणत परत आलेले आजोबा, दुकानात चार माणसे उभी दिसली म्हणून कंडोमऐवजी खोकल्याच्या गोळ्या घेऊन निघून गेलेला तरुण. हसू येते हे खरे. पण या किश्शांत गिऱ्हाईक वेडे ठरते, मेडिकलवाला शहाणा किंवा खडूस ठरतो आणि विषय तिथेच संपतो. माझे म्हणणे असे आहे की यांतला जवळजवळ प्रत्येक अवघड प्रसंग एकाच गैरसमजातून उपजतो. पैसे दिले की वस्तू मिळावी असे हे एक दुकान आहे, हा तो गैरसमज. कायद्याने ते तसे दुकान नाही. १९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, त्याखालचे १९४५ चे नियम आणि १९४८ चा फार्मसी कायदा यांनी मिळून त्या काउंटरला डॉक्टर आणि रुग्ण यांच्यामधली शेवटची तपासणी बनवले आहे. चिठ्ठीवरचे औषध नोंदणीकृत फार्मासिस्टने स्वतः किंवा त्याच्या देखरेखीखालीच दिले गेले पाहिजे, आणि ती नोंदणी मिळण्यासाठी किमान पदविकेची दोन वर्षे आणि त्यावर ५०० तासांचे प्रात्यक्षिक प्रशिक्षण पूर्ण करावे लागते. प्रश्न विचारणे, थांबवणे, प्रसंगी ‘नाही’ म्हणणे हे त्या माणसाचे कामच आहे. ते उद्धटपणाचे लक्षण नाही.

पांढऱ्या गोळीपासूनच सुरुवात करू. गोळीचा रंग आणि आकार यांवरून औषध ओळखता येते, ही समजूत घराघरांत आहे. वस्तुस्थिती अशी की रंग कंपनी ठरवते. रक्तदाबाची एकच गोळी एका कंपनीची पांढरी, दुसरीची गुलाबी असू शकते, आणि पांढऱ्या छोट्या गोळ्या तर रक्तदाबाच्याही असतात, थायरॉइडच्याही आणि मधुमेहाच्याही. लोकांना रंगाची सवय लागण्यामागे एक खरा अनुभवही असावा. सरकारी कार्यक्रमातल्या लोहाच्या गोळ्या वयोगटाप्रमाणे रंगीत केलेल्या आहेत: लहान मुलांना गुलाबी, किशोरवयीनांना निळी, गरोदर स्त्रियांना लाल. पण ती सोय त्या एका कार्यक्रमापुरती आहे, बाजारातल्या औषधांना ती लागू नाही. नावावर विसंबावे तर तिथेही धोका आहेच. ‘फाल्सिगो’ आणि ‘फाल्सिटॅब’ या दोन नावांचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. दोन्ही औषधे मलेरियाची, पण आतले घटक वेगळे. २००१ च्या निकालात न्यायालयाने सांगितले की औषधांच्या नावांतला सारखेपणा इतर मालापेक्षा कडक कसोटीवर तपासला पाहिजे, कारण इथल्या गोंधळाची किंमत जिवाने मोजावी लागते, आणि शिकलेले डॉक्टर व फार्मासिस्टही चुकू शकतात. ज्या देशात सर्वोच्च न्यायालयाला हे सांगावे लागते, तिथे “तुम्हाला माहीत नाही का, आम्ही नेहमी इथूनच नेतो” या भरवशावर फार्मासिस्टने गोळी काढून द्यावी, ही अपेक्षाच घातक आहे. रिकामे पाकीट सोबत आणणे किंवा मोबाइलमध्ये त्याचा फोटो ठेवणे, एवढ्याने हा प्रसंग टळतो.

याच समजुतीची दुसरी बाजू म्हणजे नाव वेगळे म्हणजे औषध वेगळे. तापासाठी डोलो, सर्दीसाठी सिनारेस्ट आणि अंग दुखते म्हणून कॉम्बिफ्लाम, अशी तीन पाकिटे एकदम मागणारे गिऱ्हाईक रोजचे असते. फार्मासिस्टने “तिन्ही एकत्र नका घेऊ” म्हटले की “मग विकता कशाला?” असा प्रश्न येतो. या तिन्हींत पॅरासिटामॉल आहे: डोलोच्या गोळीत ६५० मिलिग्रॅम, सिनारेस्टच्या साध्या गोळीत ५००, कॉम्बिफ्लाममध्ये ३२५. निरोगी प्रौढाची दिवसाची कमाल मर्यादा ४ ग्रॅम मानली जाते. तिन्ही गोळ्या दिवसातून तीनदा घेतल्या तर ती ओलांडली जाते, आणि अतिरेकी मात्रेने यकृत निकामी होऊ शकते. विक्री कमी होत असूनही जो माणूस थांबवतो, त्याचे म्हणणे निदान ऐकून घेतले पाहिजे.

काउंटरवरची सर्वात मोठी खडाजंगी चिठ्ठीवरून होते. चिठ्ठी मागितली की आपल्यावर संशय घेतला, असे गिऱ्हाइकाला वाटते; विशेषतः झोपेच्या गोळ्या मागताना वडीलधाऱ्या माणसाला तो अपमानच वाटतो. पण चिठ्ठी औषधासाठी मागितली जाते, माणूस पाहून नव्हे. ‘शेड्यूल एच’ या यादीतली औषधे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत हा जुना नियम आहे. त्यातली काही औषधे सर्रास विकली जाऊ लागली, प्रतिजैविकांना जंतू दाद देईनासे झाले, तेव्हा २०१३ मध्ये ४६ औषधांची ‘एच-वन’ अशी आणखी कडक यादी काढण्यात आली आणि १ मार्च २०१४ पासून ती लागू झाली. अल्प्राझोलामसारख्या गोळ्या, सेफिक्सिमसारखी प्रतिजैविके, क्षयाची औषधे या यादीत आहेत. ती देताना फार्मासिस्टला वेगळ्या वहीत डॉक्टरचे नाव-पत्ता, रुग्णाचे नाव, औषध आणि त्याची संख्या लिहावी लागते आणि ती वही तीन वर्षे जपावी लागते. तेव्हा “नाव कशाला पाहिजे तुम्हाला?” या प्रश्नाचे उत्तर त्या वहीत आहे. घरात कुणी चिठ्ठीची आठवण ठेवली नसेल तर पाकीट उलटून पाहावे: एच-वन औषधाच्या पाकिटावर लाल चौकटीत इशारा छापलेला असतो.

दुसरी पक्की समजूत म्हणजे एकदा लिहून दिलेली चिठ्ठी कायमची. घडीवर फाटलेली, चिकटपट्टीने जोडलेली दोन-तीन वर्षांपूर्वीची चिठ्ठी लोक विश्वासाने पुढे करतात, आणि “ही जुनी आहे” म्हटले की “आजार पण जुनाच आहे” असे उत्तर येते. उत्तरात तर्क आहे, पण नियम वेगळा आहे. पुन्हा देण्यास हरकत नाही असे डॉक्टरने चिठ्ठीवर लिहिले नसेल, तर ती एकदाच वापरायची असते. औषध दिल्यावर दुकानाचे नाव आणि तारीख चिठ्ठीवर नोंदवायची, ती यासाठीच. इथे एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो खोटा नाही: दर महिन्याला डॉक्टरची फी भरणे गरिबाला परवडत नाही, मग नियमाच्या नावाखाली त्याला औषधाविना ठेवायचे का? याचे उत्तर नियमातच आहे. रक्तदाब, मधुमेह यांच्या रुग्णाने डॉक्टरकडून चिठ्ठीवरच ‘इतके महिने पुन्हा द्यावे’ असे लिहून घेतले तर फार्मासिस्टला दर महिन्याला औषध देता येते. हे फार थोड्यांना माहीत असते, आणि घाईतले डॉक्टर ते आपणहून लिहीत नाहीत. शिवाय महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांतले उपचार १५ ऑगस्ट २०२३ पासून मोफत आहेत. तिथे रांग असते, औषध संपलेले असते, ही तक्रार रास्त आहे. पण तिचा उपाय खासगी काउंटरवरून प्रतिजैविकाच्या दोन गोळ्या उचलणे हा होऊ शकत नाही.

“मग दुसऱ्या कंपनीची स्वस्त द्या, आत तेच आहे ना?” या मागणीवर मेडिकलवाला मान हलवतो, आणि सगळ्यांना त्यात त्याचा नफा दिसतो. प्रत्यक्षात नियम ६५ त्याला बांधून ठेवतो. चिठ्ठीवर शेड्यूल एचमधल्या औषधाचे व्यापारी नाव असेल तर त्याऐवजी दुसरे देता येत नाही, आतला घटक अगदी तोच असला तरी. या नियमामुळे गरिबाचे नुकसान होते असे माझे स्पष्ट मत आहे. एकीकडे २००८ पासून सरकार जनौषधीची दुकाने काढत आले आहे आणि दुसरीकडे चिठ्ठीवरचा ब्रँड बदलण्याची मुभा फार्मासिस्टला नाही. पण याचा राग काउंटरवर काढून उपयोग नाही. तो डॉक्टरच्या खोलीत, चिठ्ठी लिहिली जात असताना बोलून दाखवायला हवा. औषधाचे मूळ नाव, सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावे, असे भारतीय वैद्यक परिषदेने २०१६ मध्येच नियमांत घातले होते. मूळ नाव लिहिलेले असेल तर स्वस्त कंपनीची गोळी देण्यात कसलीच आडकाठी राहत नाही.

पाकीट कापण्यावरूनही असेच होते. चार गोळ्या पाहिजेत, पाकीट दहाचे, आणि कापून दिले की लहान तुकड्यावर ना नाव, ना तारीख. मुदत आणि बॅच क्रमांक बहुतेक पाकिटांवर एकाच कडेला छापलेले असतात. ती कडा ज्याच्याकडे गेली त्याचे भागले, दुसऱ्याकडे उरते ती बेनामी गोळी. उरलेला तुकडा सहसा कंपनी परत घेत नाही, हेही दुकानदाराच्या कुरकुरीमागचे कारण आहे आणि ते लपवण्यासारखे नाही. तरी गरजेपुरत्याच गोळ्या मागणे गैर नाही. नाव-मुदतीचा तुकडा आपल्याकडे राहील असे सांगावे किंवा बिलावर ते लिहून घ्यावे. मुदतीबद्दल सांगायचे तर पाकिटावर ‘जून’ छापलेला असला की ३० जूनपर्यंत औषध चालते. १ तारखेला ते बाद होत नाही.

आणि बिल. “बिल नको, सुट्टे द्या” म्हणणाऱ्यांना बिल म्हणजे फक्त रक्कम वाटते. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळयुक्त ग्लिसरीनमुळे १४ रुग्ण दगावले. त्यात डायइथिलीन ग्लायकॉल हे विष होते, आणि न्या. लेंटिन आयोगाने औषध खरेदीची सगळी साखळी चव्हाट्यावर आणली. सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात खोकल्याच्या औषधातून तेच विष पोटात गेल्याने लहान मुले दगावली. अशा वेळी सरकार बाटलीच्या नावासोबत बॅच क्रमांक जाहीर करते. आपल्या कपाटातली बाटली त्या बॅचची आहे का, आणि ती कुठल्या दुकानातून आली, हे ज्याच्याकडे बिल आहे त्याला ताबडतोब कळते.

आता त्या ‘रिकाम्या’ बाटलीकडे येऊ. त्यावर हसण्याआधी हे पाहावे की आजोबांना कुणी काही सांगितलेच नव्हते. अनेक प्रतिजैविके पाण्यात विरघळली की थोड्याच दिवसांत निकामी होतात, म्हणून मुलांचे औषध कोरडी पावडर म्हणून येते. उकळून गार केलेले पाणी बाटलीवरच्या खुणेपर्यंत घालायचे, चांगले हलवायचे, आणि वेष्टनावर लिहिलेल्या दिवसांनंतर, बहुधा आठवड्याभरात, उरलेले टाकून द्यायचे. पाणी खुणेच्या वर गेले तर प्रत्येक चमच्यातले औषध कमी पडते. दम्याच्या यंत्रात घालून ओढायच्या कॅप्सूल गिळणारे रुग्णही असतात. दिसायला ती कॅप्सूलच असते, मग ती गिळू नये हे त्यांना कसे कळावे? ‘एसआर’ किंवा ‘ईआर’ अशी अक्षरे नावापुढे असलेली गोळी दिवसभर सावकाश विरघळण्यासाठी बनवलेली असते. म्हाताऱ्या माणसाला गिळायला सोपी जावी म्हणून घरात ती कुटली, तर दिवसभराची मात्रा एकदम अंगावर येऊ शकते. रुग्णाला समजावून सांगणे हे फार्मासिस्टचे कर्तव्य आहे, असे २०१५ चे फार्मसी प्रॅक्टिस विनियम सांगतात. ‘सकाळी एक, संध्याकाळी एक’ एवढे बोलून पिशवी पुढे सरकवणारा या कर्तव्यात कमी पडतो.

यावर कुणी म्हणेल की इतकी बाजू कुणाची घेता? कित्येक दुकानांत फार्मासिस्टचे प्रमाणपत्र भिंतीवर असते आणि गोळ्या देतो तो दहावी झालेला पोरगा. चिठ्ठी न पाहता प्रतिजैविके देणारेही तेच लोक. हे खरे आहे आणि तो गुन्हा आहे. पण तो गुन्हा चालतो तो गिऱ्हाइकालाही दुकानच हवे असते म्हणून. प्रश्न न विचारणारा मेडिकलवाला ‘चांगला’, चिठ्ठी मागणारा ‘नखरे करणारा’, असा न्याय आपण लावतो, आणि धंदा पहिल्याकडे जातो. “फार्मासिस्ट कोण आहेत? त्यांच्याशी बोलायचंय” असे गिऱ्हाइकाने विचारणे पूर्णपणे त्याच्या हक्कात बसते.

राहिली कुजबूज. सॅनिटरी पॅड वर्तमानपत्रात गुंडाळून काळ्या पिशवीत देणे ही आपल्याकडे सभ्यता समजली जाते. या पॅडवरचा जीएसटी जुलै २०१८ मध्ये पूर्ण काढला गेला, काळी पिशवी मात्र गेलेली नाही. कंडोमला चिठ्ठी लागत नाही, वयाचा पुरावा लागत नाही. सर्वात महाग पडते ती गर्भनिरोधाच्या तातडीच्या गोळीबद्दलची कुजबूज. “ती... ७२ तासांवाली” एवढेच कसेबसे बोलले जाते, आणि पुष्कळांना, काही दुकानदारांनाही, ती गर्भपाताची गोळी वाटते. दीड मिलिग्रॅम लेव्होनॉरजेस्ट्रेलची ही गोळी मुख्यतः बीजांडाचे बाहेर पडणे लांबवते. रुजलेला गर्भ ती पाडत नाही, आणि ती चिठ्ठीशिवाय मिळते. गर्भपाताची औषधे, मिफेप्रिस्टोन आणि मिझोप्रोस्टॉल, वेगळी आहेत. ती डॉक्टरच्या देखरेखीशिवाय घ्यायची नसतात. फार्मासिस्टने एकच गोष्ट खालच्या आवाजात विचारायची असते: संबंध येऊन किती तास झाले? त्यात चौकशीचा आगाऊपणा नाही. ही गोळी जितकी लवकर घ्यावी तितकी उपयोगी पडते, आणि ७२ तास उलटून गेले असतील तर गोळी विकण्याऐवजी त्या मुलीला त्याच दिवशी डॉक्टरकडे पाठवायला हवे.