हंगामी तलावातील मासळी : पाणी आटण्यापूर्वी करावयाचा विचार

मृगाच्या सरी कोसळून धानाच्या बांध्यांत पाणी साचू लागले, की पूर्व विदर्भातील तलाव पुन्हा भरू लागतात. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि नागपूर या जिल्ह्यांत मिळून असे सहा हजारांवर जुने मालगुजारी तलाव आहेत. त्यांपैकी पुष्कळसे कोहळी समाजातील कुशल लोकांनी गोंड राजांच्या काळात व पुढे बांधले. उताराच्या तोंडाशी मातीची पाळ, एका अंगास सांडवा आणि खाली धानाची शेती, अशी त्यांची साधी रचना असते. मध्य प्रांतातील मालकी हक्क १९५० च्या कायद्याने संपुष्टात आले व हे तलाव शासनाकडे आले. परंतु तलावावर जगणारी माणसे तीच राहिली. धान पिकविणाऱ्यास त्यातील पाणी हवे असते आणि ढीवर कुटुंबास त्याच पाण्यातील मासळी हवी असते. या दोघांचा हिशेब एकत्र कसा मांडावा, हाच हंगामी तलावाचा खरा प्रश्न होय.

दोन प्रकारची मासळी

हे तलाव उथळ असतात. लहान तलाव व बोड्या तर चैत्र-वैशाखात तळाशी जातात. अशा पाण्यात दोन प्रकारची मासळी आढळते. मरळ, मांगूर व शिंगी हे मासे पाण्याबाहेरील हवाही घेऊ शकतात. त्यामुळे पाणी गढूळ व अपुरे झाले तरी ते तग धरतात, ओल्या चिखलातही काही काळ जिवंत राहतात आणि पावसाळ्यात पुन्हा वाढतात. त्यांचे बीज निसर्गच पुरवितो.

कटला, रोहू व मृगळ यांची गोष्ट वेगळी आहे. हे नदीचे मासे आहेत. पावसाळ्यात नदीस पूर आला म्हणजे ते वाहत्या पाण्यात अंडी घालतात; साठलेल्या पाण्यात ते सहसा विणीस येत नाहीत. म्हणून त्यांचे बीज तलावात दरवर्षी सोडावे लागते. पूर्वी हे बीज नदीतून गोळा करीत व त्यात नको असलेल्या माशांची भेसळ होत असे. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातील अंगुल येथे डॉ. हिरालाल चौधरी व त्यांच्या सहकाऱ्यांना पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून या माशांची वीण करविण्यात यश आले आणि शुद्ध बीज मिळण्याची वाट मोकळी झाली. याच घटनेच्या स्मरणार्थ १० जुलै हा राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो.

चढणीच्या माशांना अभय द्यावे

पहिल्या पुराबरोबर तलावातील देशी मासे ओढ्यांतून व बांध्यांतून वर चढतात. धानाच्या उथळ, गवताळ पाण्यात ते अंडी घालतात. याच वेळी पाण्याच्या तोंडाशी सापळे लावून ते सहज पकडता येतात व त्या दिवशी घरोघरी कालवण होते. परंतु अंड्यांनी भरलेली एक मादी पकडली म्हणजे पुढील हंगामाची सहस्रावधी पिले नाहीशी झाली, हे ध्यानात ठेवावे. जेथे गावाने पहिले काही आठवडे चढणीच्या वाटा मोकळ्या ठेवल्या, तेथे बीज विकत न घेताही देशी मासळी टिकून राहते. याच दिवसांत बांध्यांत कीटकनाशक फवारल्यास ते पाणी ओढ्यातून तलावात जाते. फवारणी अटळ असल्यास पाऊस नसलेला दिवस निवडावा व बांधीतील पाणी काही दिवस अडवून धरावे.

बीज केव्हा व कोणते सोडावे

हंगामी तलावात पाणी सात-आठ महिनेच राहते. एवढ्या अवधीत जिऱ्याएवढ्या पिलाचा विक्रीयोग्य मासा होणे कठीण; शिवाय लहान पिले मरळीच्या भक्ष्यस्थानी पडतात. म्हणून बोटाएवढी, आठ ते दहा सेंटिमीटर लांबीची बोटुकली सोडावी. ती महाग पडते, परंतु जगते. तलाव पुरेसा भरला आणि सांडव्यावरून पाणी वाहून जाण्याचा जोर ओसरला, म्हणजे साधारण ऑगस्टमध्ये बीज सोडणे श्रेयस्कर.

कटला वरच्या थरातील सूक्ष्म जीव खातो, रोहू मधल्या थरात वावरतो आणि मृगळ तळाशी कुजलेले खाद्य टिपतो. तिन्ही एकत्र सोडले असता तलावाचा कोणताच थर वाया जात नाही. पूरक खाद्य देऊन केलेल्या मिश्र मत्स्यशेतीत हेक्टरी ५,००० ते १०,००० बोटुकली सोडतात. जेथे खाद्य दिले जात नाही, तेथे हे प्रमाण बरेच कमी ठेवले पाहिजे. बीजाच्या पिशव्या बंद स्थितीत पंधरा-वीस मिनिटे तलावात तरंगत ठेवाव्यात व आतील आणि बाहेरील पाण्याचे तापमान सारखे झाल्यावरच पिले हळूहळू सोडावीत. बंदी असलेला आफ्रिकी मांगूर कोणी स्वस्तात देऊ केला तरी तो घेऊ नये. तो देशी मासळीस खाऊन टाकतो व एकदा पसरला म्हणजे निपटून काढता येत नाही.

आटत्या पाण्याचा हिशेब

दोन हेक्टरांवर सरासरी दोन मीटर पाणी असेल, तर तलावात ४०,००० घनमीटर पाणी असते. पसारा एक हेक्टरावर व खोली एक मीटरवर आली, की ते १०,००० घनमीटर उरते. पाहणाऱ्यास पाणी निम्मे झालेले दिसते. प्रत्यक्षात ते चौथा हिस्सा उरलेले असते. मासे तेवढेच राहिले तर त्यांची दाटी चौपट होते. त्यातच तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. पहाटेच्या सुमारास तो सर्वांत कमी असतो. त्या वेळी मासे पृष्ठभागावर तोंड उघडून श्वासासाठी धडपडू लागले, तर तो धोक्याचा इशारा समजावा. अशा स्थितीत दोन दिवस वाट पाहणे म्हणजे वर्षाची मिळकत पाण्यावर मेलेली पाहणे होय.

म्हणून मासेमारी एकाच वेळी, शेवटी करू नये. पौष-माघापासून मोठे मासे थोडे थोडे काढावेत. त्यामुळे मागे राहिलेल्यांना जागा व खाद्य मिळते, आणि सर्व गावांची मासळी एकदम बाजारात येऊन भाव कोसळण्यापासूनही काही अंशी बचाव होतो. जाळे पहाटे टाकावे व मासळी तत्काळ सावलीत नेऊन बर्फात ठेवावी. उन्हाळ्यात मासळीच्या वजनाइतका बर्फ लागतो.

धान आणि मासळी यांचा समेट

पावसाने आश्विनात ओढ दिली म्हणजे निसवणाऱ्या धानास तलावाचे पाणी द्यावेच लागते. त्यास कोणाचीही हरकत नसते. तंटा उत्पन्न होतो तो त्यानंतर. मोरीच्या पातळीखाली उरलेले पाणी जेव्हा इंजिन लावून उपसले जाते, तेव्हा एखाद्या बांधीचे पीक वाचते, पण ठेक्याची रक्कम व बीजाचे पैसे आधीच भरून बसलेल्या मच्छीमार संस्थेची सारी मासळी अवेळी, अर्धवट वाढीची काढावी लागते. ढीवर कुटुंबाजवळ बहुधा शेत नसते. तलाव हेच त्याचे शेत.

यावर उपाय भांडणापूर्वी करावा लागतो. तलाव भरलेला असतानाच ग्रामसभेत शेतकरी व मच्छीमार यांनी एकत्र बसून किमान पाण्याची खूण ठरवावी, ती पाळीजवळ दगडावर किंवा खांबावर रंगवावी व ठराव नोंदवून ठेवावा. कमी पावसाच्या वर्षी कोणी किती सोसावे, हेही तेव्हाच बोलून घ्यावे. गावातील कार्यकर्त्याचे खरे काम येथेच आहे.

तलावाचा तळ

गाळ साचल्याने तलाव दिवसेंदिवस उथळ होत आहेत. २०१७ साली राज्य शासनाने 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना सुरू केली, तिचा लाभ घेता येतो. मात्र सर्व तळ सरसकट खरवडू नये. पाणी धरून ठेवणारा चिकण थर फुटला तर तलाव गळू लागतो. काठ उथळच ठेवून मध्यावर एक खोल डोह करावा. उन्हाळ्यात मासे तेथे आश्रय घेतात. काढलेला गाळ शेतात पसरावा. काठावरील बेशरम मुळासकट उपटून काढावी, परंतु देशी पाणवनस्पती राखाव्यात. माशांची पिले त्यांच्याच आडोशाने वाढतात. अर्जुनी मोरगाव तालुक्यात ढीवर समाजाच्या संस्थांनी बेशरम काढून अशा वनस्पती पुन्हा लावल्या आहेत. सांडव्यावर बांबूची जाळी लावल्यास मासे वाहून जात नाहीत. पण तीत अडकलेला कचरा रोज काढला नाही, तर पाणी तुंबून पाळीसच धोका पोहोचतो.

तलाव बांधणाऱ्यांनी पाणी अडविले ते सर्व गावासाठी. धान आणि मासळी ही त्याच पाण्याची दोन पिके आहेत. एकाच्या हिशेबात दुसऱ्याची नोंद ठेवली, तर वैशाखात तलाव आटला तरी गावाचा आधार आटणार नाही.