गळाच्या काठीचे रीळ बदलताना



रब्बीची आवर्तने सुरू झाली की कालव्याच्या कडेला आणि नदीच्या डोहाकाठी गळाच्या काठ्या दिसू लागतात. पेरणी उरकलेली असते, उसाला पाणी रात्री द्यायचे असते, मधले दोन तास मोकळे सापडतात. कुणाला त्यात विरंगुळा मिळतो, कुणाच्या घरी संध्याकाळच्या कालवणाची सोय होते. पूर्वी बांबूची काठी, टोकाला बांधलेला तंगूस आणि भेंडाचे बूच एवढ्यावर भागत असे. आता पुष्कळ घरांत रीळ लावलेली काठी आहे. चार-पाच वर्षांत हे रीळ कुरकुरू लागते आणि प्रश्न पडतो की, नवे कोणते घ्यावे?

बाजारात गेले की मोठे, जड, चकाकणारे रीळ डोळ्यांत भरते. पण त्यातली कितीतरी रिळे खाडीतल्या आणि समुद्रातल्या माशांसाठी केलेली असतात. जाड तंगुसावर ती चांगली चालतात, पण आपल्या बारीक तंगुसावर, हलक्या बुचावर ती कामाची नाहीत. पैसे जातात, मासाही तंगूस तोडून जातो आणि बिचाऱ्याच्या तोंडात गळ तसाच राहतो.

म्हणून एक गोष्ट आधी मनात पक्की करा. बुचाच्या गळाला लावलेले रीळ हे ओढायचे यंत्र नव्हे. मासा ओढतो काठीचा बाक. रिळाचे पहिले काम तंगूस सुरळीत सोडण्याचे आणि दुसरे काम तो नीट गुंडाळून घेण्याचे. या कसोटीवर रीळ पारखले तर फसगत होणार नाही.

आधी जुने रीळ तपासा

मोटर बंद पडली म्हणून आपण लगेच नवी घेत नाही, आधी फ्यूज पाहतो. रिळाचेही तसेच करा.

हँडल फिरवताना करकर आवाज येत असेल तर बहुधा आत वाळू गेली आहे किंवा जुने ग्रीस घट्ट झाले आहे. रीळ उघडून, पुसून, नवे ग्रीस लावल्यावरही दाते अडखळत असतील तर ते झिजले असे समजा.

तारेची कमान उघडी राहत नसेल किंवा मिटत नसेल तर आतली स्प्रिंग गेली असेल. ती थोड्या खर्चात बदलता येते.

तंगूस वारंवार एकाच प्रकारे खरडला जाऊन तुटत असेल तर कमानीच्या टोकाशी असलेला छोटा रूळ पाहा. त्यावरूनच तंगूस वळतो. हा रूळ धुळीने अडकला की फिरत नाही आणि तंगूस एकाच जागी घासून त्यावर बारीक चर पडते. बोटाच्या नखाने ही चर लगेच समजते. चर नसेल तर साफ करून तेलाचा एक थेंब सोडा. चर पडली असेल तर रूळ बदलायला हवा.

ब्रेक झटके देत असेल तर फिरकीतल्या चकत्या वाळल्या किंवा झिजल्या असतील. त्याही बदलता येतात.

एवढे करूनही भागत नसेल, किंवा सुटा भाग मिळतच नसेल, तर मात्र नव्या रिळाचा विचार करा.

रिळाचे तीन प्रकार

पहिला प्रकार साध्या चाकाचा. एका आसावर चाक, त्यावर तंगूस. बैलगाडीच्या चाकाइतकीच सरळ रचना. इंग्लंडमध्ये ट्रेंट नदीकाठच्या नॉटिंगहॅम शहराने अशी लाकडी रिळे नावारूपाला आणली. वाहत्या पाण्यात बूच सोडले की प्रवाहाच्या ओढीने चाक आपोआप फिरते आणि बूच पाण्याच्या चालीने पुढे जाते. पायाशी सोडलेले बूच वाहवत न्यायचे असेल तर यासारखे रीळ नाही. पण लांब फेकायला हात बसावा लागतो आणि आपल्याकडच्या दुकानांत ते सहसा मिळत नाही.

दुसरा प्रकार बंद तोंडाचा. फिरकीवर टोपण असते आणि तंगूस समोरच्या भोकातून येतो. वाऱ्यात गुंता कमी होतो, पण मोठ्या माशाच्या ओढीला ते कमी पडते आणि आत चिखल गेला की साफ करणे जिकिरीचे होते.

तिसरा प्रकार उघड्या फिरकीचा. काठीच्या खाली लटकणारे, तारेच्या कमानीचे रीळ, हेच आपल्याकडे जास्त दिसते. १९०५ साली इंग्लंडमधील आल्फ्रेड इलिंगवर्थ यांनी अशा रिळाचे पेटंट घेतले. ते कापड-व्यवसायातले. गिरणीतल्या बॉबिनवरून सूत जसे टोकाकडून सुटते, बॉबिन फिरत नाही, तसाच येथे तंगूस सुटतो. त्यामुळे हलके बूचही दूर फेकता येते. घरात एकच रीळ ठेवायचे असेल तर हेच घ्यावे. पुढची माहिती त्याच्याबद्दल आहे.

आकार आणि फिरकी

रिळावर २०००, २५००, ३०००, ४००० असे आकडे असतात. हे आकडे सर्व कंपन्यांचे सारखे नसतात. एकाचे २५०० दुसऱ्याच्या ३००० एवढे भरते. म्हणून त्यापेक्षा फिरकीवर छापलेला दुसरा आकडा वाचा. उदाहरणार्थ ०.२५/१५० याचा अर्थ ०.२५ मिलीमीटर जाडीचा तंगूस १५० मीटर मावतो.

आपली गरज किती? पाव-अर्धा किलोच्या चिलापीला आणि लहान माशांना ०.१८ ते ०.२० मिलीमीटर पुरतो. दोन-तीन किलोच्या रोहू-मृगळाला ०.२५ आणि कटल्याची आशा असेल तर ०.३० घ्यावा. लांबी १०० ते १५० मीटर पुष्कळ झाली. साधारणपणे २००० ते ३००० आकड्याच्या रिळात हे काम भागते. फक्त मोठ्या कटल्यासाठी बसणाऱ्याने ४००० कडे पाहावे.

फिरकी उथळ असेल तर उत्तम. खोल असेल तर तळाशी जुना तंगूस गुंडाळून वर नवा भरा. फिरकी काठापासून दीड-दोन मिलीमीटर कमी राहील इतकी भरलेली हवी. कमी भरली तर तंगूस काठाला घासतो आणि हलके बूच जवळच पडते. काठोकाठ भरली तर वेटोळी एकदम सुटून गुंता होतो.

आणखी एक परीक्षा हाताची. वाहत्या पाण्यात बूच सोडताना कमान उघडी ठेवून तर्जनीने फिरकीच्या काठावर हलकेच स्पर्श करायचा असतो. बोट उचलले की तंगूस सुटतो, टेकवले की थांबतो. बूच बुडाले की बोट दाबून काठी उचलायची आणि मग हँडल फिरवायचे. म्हणून काठी हातात धरल्यावर तर्जनी फिरकीच्या काठापर्यंत सहज पोचली पाहिजे. ती पोचत नसेल तर रीळ कितीही चांगले असो, ते तुमच्यासाठी नाही.

ब्रेक म्हणजे कासरा

उधळलेल्या गोऱ्ह्याचा कासरा एकदम आवळला तर तो तुटतो किंवा हातातून निसटतो. थोडा सोडत, थोडा घेत त्याला आणावे लागते. रिळाचा ब्रेक हाच कासरा. मासा जोरात धावला की फिरकी घसरून तंगूस सुटला पाहिजे.

दुकानदार सांगेल, हा ब्रेक ८ किलोचा. आपला ०.२० चा तंगूस साधारण ३ किलोला तुटतो, गाठीपाशी त्याहून आधी. मग ८ किलो काय कामाचे? ब्रेक तंगुसाच्या ताकदीच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्शावर लावावा. म्हणजे ३ किलोच्या तंगुसाला पाऊण ते एक किलो.

हे घरी मोजता येते. तंगुसाला १ किलो मिठाची पिशवी बांधा आणि रीळ हातात धरून ती सरळ खाली लोंबकळू द्या. पिशवी सावकाश, न अडखळता खाली आली पाहिजे. धक्क्या-धक्क्याने येत असेल तर तो ब्रेक बारीक तंगुसाला घातक. मासा तुटतो तो अशाच पहिल्या धक्क्याला. मोजून झाले की पिशवी सोडा.

ब्रेकचा नॉब पुढे असो की मागे, दोन्ही चालतात. पुढच्यात चकत्या मोठ्या बसतात, मागचा मासा खेळवताना बोटाशी सोपा पडतो. आणि लक्षात ठेवा, ब्रेक घसरत असताना हँडल फिरवत राहू नका. त्याने तंगुसाला पीळ पडतो आणि पुढच्या फेकीला गुंता होतो.

दाते आणि बेअरिंग

५.२:१ असे लिहिले असेल तर हँडलच्या एका फेऱ्यात कमान ५.२ वेळा फिरते. फिरकीचा व्यास ४५ मिलीमीटर असेल तर एका फेऱ्यात सुमारे ७३ सेंटीमीटर तंगूस गोळा होतो. ३० मीटर वाहून गेलेले बूच परत आणायला ४१ फेरे लागतात. दिवसभरात अशा शंभर खेपा झाल्या तर हात भरून येतो, म्हणून फार कमी प्रमाण नको. फार जास्तही नको, कारण सायकलच्या लहान चाकासारखे ते चढाला जड जाते. ५ च्या आसपासचे प्रमाण दोन्ही कामांना बरे.

बेअरिंग १० आहेत की ४, यावर फार जाऊ नका. चार चांगली बेअरिंगे दहा हलक्यांपेक्षा जास्त टिकतात. हँडल सावकाश फिरवून पाहा. हाताला काही टोचल्यासारखे लागू नये आणि फिरकी लटपटू नये.

दुकानात जाताना

स्वतःची काठी बरोबर न्या. रिळाचा पाय काठीच्या बैठकीत घट्ट बसतो की नाही पाहा. नंतर या क्रमाने तपासा :

१. कमान दहा वेळा उघडा-मिटा. ती दर वेळी पूर्ण उघडली पाहिजे.
२. रूळ बोटाने फिरतो का ते पाहा.
३. हँडल डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना लावता येते का, विचारा.
४. ब्रेक सैल करून तंगूस हाताने ओढा. सुरुवातीलाच अडत असेल तर ते रीळ परत ठेवा.
५. उलटे फिरण्याचा खटका आहे का पाहा. नव्या रिळांत तो बऱ्याचदा नसतो. हँडल मागे फिरवून मासा खेळवण्याची सवय असेल तर तो हवाच.
६. जादा फिरकी बरोबर मिळते का? एकीवर ०.१८, दुसरीवर ०.२५ भरून ठेवली तर एकाच रिळात दोन कामे होतात.

निगा आणि काठावरची खबरदारी

घरी आल्यावर रीळ ओल्या फडक्याने पुसा. ते बादलीत बुडवू नका, नाहीतर माती आत जाते. रुळाला आणि हँडलच्या सांध्याला तेलाचा थेंब, वर्षातून एकदा दात्यांना ग्रीस. ठेवताना ब्रेक सैल करा म्हणजे चकत्या दबून राहत नाहीत.

काढलेला जुना तंगूस बांधावर टाकू नका. तो कुजत नाही. चाऱ्यातून जनावराच्या पोटात जातो, पाखरांच्या पायांत अडकतो. बारीक तुकडे करून घरी आणा आणि कचऱ्यात टाका.

कालव्याकाठी पंपाच्या विजेच्या तारा असतात. हल्लीच्या काळ्या कार्बनच्या काठीतून वीज वाहते. तारेखाली काठी उभी करू नका, तेथून फेकही करू नका. अस्तरीकरण केलेल्या कालव्याची बाजू निसरडी आणि तिरपी असते. आवर्तन चालू असताना पोहणाऱ्यालाही वर येता येत नाही. गळ अडकला किंवा रीळ पाण्यात पडले तर त्यामागे उतरू नका, आणि मुलांना एकटे पाठवू नका. तलाव मच्छीमार संस्थेच्या ठेक्यात असेल तर आधी विचारून घ्या. पावसाळ्यात अंड्यांनी भरलेली मादी लागली तर ओल्या हाताने गळ काढून तिला सोडून द्या. पुढच्या हंगामाचे बियाणे तीच आहे.

बाजाराला जाल तेव्हा खिशात तंगुसाचा एक तुकडा ठेवा आणि दुकानदाराला सांगा, "याला शोभेल असे रीळ दाखवा." मग बोलणे आपोआप मुद्द्यावर येईल.