टोपी, धोतर, सायकल

27 ऑक्टोबर 2017 रोजी ‘फास्टर फेणे’ चित्रपटगृहांत आला. फेणेचे लेखक भा. रा. भागवत यांना जाऊन त्या दिवशी बरोबर सोळा वर्षं झाली होती. माझ्या ओळखीतल्या जुन्या वाचकांची कुरकुर मात्र पोस्टर पाहूनच सुरू झाली होती. आमचा बन्या फेणे शाळकरी, पाप्याचं पितर, सायकलवर बसला की वाऱ्याशी बोलणारा. आणि पडद्यावर अमेय वाघ, तिशीला टेकलेला, दाढीचे खुंट राखलेला. हा फेणे आमचा नव्हे, असं ते ठामपणे सांगत.

ही तक्रार फेणेपुरती नाही. पुस्तकातला गुप्तहेर पडद्यावर आला की त्याचं रूप बदलतं, आणि वाचकाला आपल्या घरातलं माणूस परकं झाल्यासारखं वाटतं. पण आपण ज्याला ‘मूळ रूप’ म्हणून कवटाळून बसतो, ते तरी लेखकाचं असतं का?

शेरलॉक होम्सची पुढेमागे चोच असलेली टोपी घ्या. ती पाहिली की पोरही ‘होम्स’ म्हणतं. त्याचा लेखक डॉयल याच्या मजकुरात त्या टोपीचं नाव एकदाही येत नाही. 1891 साली ‘स्ट्रँड’ मासिकात बॉसकोम्ब खोऱ्याची गोष्ट छापून आली. होम्स आगगाडीनं खेड्याकडे निघालेला, डोक्याला घट्ट बसणारी कापडी टोपी घातलेला, एवढंच डॉयलनं लिहिलं होतं. चित्रकार सिडनी पॅजेटनं तिथं शिकाऱ्याची टोपी काढली. खेड्याच्या प्रवासाला ती शोभणारीच होती. पुढे अमेरिकन नट विल्यम जिलेटनं 1899 पासून रंगभूमीवर होम्स उभा केला आणि बाकदार पाइप त्याच्या तोंडात कायमचा गेला. बॅसिल रॅथबोननं 1939 ते 1946 या काळात चौदा चित्रपट केले, तोवर टोपी आणि पाइप हेच होम्सचं ओळखपत्र होऊन बसलं होतं. पॅजेटनं होम्सला आपल्या कल्पनेपेक्षा देखणा केला, असं खुद्द डॉयलचं मत होतं. म्हणजे लेखकाच्या हयातीतच त्याचा माणूस चित्रकाराच्या आणि नटाच्या ताब्यात गेलेला.

1984 साली ब्रिटिश टीव्हीवर जेरेमी ब्रेट आला आणि त्यानं उलटी वाट धरली. मालिकेनं पॅजेटची चित्रं समोर ठेवूनच प्रसंग रचले. शहरात होम्स काळ्या कोटात आणि उंच टोपीत वावरतो, शिकाऱ्याची टोपी गावाकडच्या वाटेसाठीच राहते. ब्रेटचा होम्स मला सगळ्यांत जवळचा वाटतो, आणि त्याचं कारण कपडे नाहीत. बोलता बोलता एकदम थांबणारी त्याची बोटं, कंटाळा आला की उतरणारा चेहरा, आणि धागा सापडताच डोळ्यांत येणारं तेज: डॉयलचं वर्णन या माणसानं वाचून पचवलंय, हे पाहताक्षणी कळतं. 2010 मध्ये बेनेडिक्ट कंबरबॅचनं लांब कोट आणि मोबाइल घेऊन होम्सला आजच्या लंडनमध्ये आणलं. त्या मालिकेत छायाचित्रकारांपासून तोंड लपवायला तो हाताला येईल ती टोपी डोक्यावर ओढतो, ती नेमकी तीच निघते आणि वर्तमानपत्रांतून त्याला चिकटते. सव्वाशे वर्षांचा इतिहास एका प्रसंगात सांगणारी ही जागा फार हुशारीनं लिहिलेली आहे.

पॉयरोची गोष्ट मिशीपुरती. 1974 च्या चित्रपटातल्या अल्बर्ट फिनीचं काम लेखिका अगाथा ख्रिस्तीला आवडलं, मिशी मात्र हवी तशी भव्य वाटली नाही. डेव्हिड सुशेनं 1989 ते 2013 अशी पंचवीस वर्षं ती मिशी नेटकेपणानं सांभाळली. 2017 मध्ये केनेथ ब्रॅनानं ती गालभर पसरवली.

आपल्या देशात हा खेळ खरा रंगला तो बंगालमध्ये. सत्यजित राय स्वतःच लेखक, स्वतःच चित्रकार आणि स्वतःच दिग्दर्शक. फेलूदाला त्यांनी आधी शब्दांत, मग रेषांत आणि 1974 साली ‘सोनार केल्ला’मध्ये सौमित्र चटर्जींच्या अंगात उतरवलं. त्याच चित्रपटात संतोष दत्तांनी फेलूदाचा सोबती जटायू असा काही केला, की पुढच्या गोष्टींसाठी चित्रं काढताना रायांनी जटायूचा चेहराच दत्तांसारखा करून टाकला. पडद्यानं कागदाला वळण लावल्याचं याहून चांगलं उदाहरण मला ठाऊक नाही. 1988 मध्ये दत्त गेले. त्यांच्याशिवाय फेलूदाचा चित्रपट करायचा नाही, असं रायांनी ठरवलं आणि केलाही नाही.

शरदिंदू बंद्योपाध्यायांच्या ब्योमकेश बक्षीला 1932 पासून वाचक लाभले. रायांनीच 1967 च्या ‘चिडियाखाना’त उत्तमकुमारला चष्मा लावून ब्योमकेश केला. तो बंगालबाहेर फारसा कुणी पाहिला नाही. आम्हा मराठवाड्यातल्या माणसांना ब्योमकेश भेटला तो 1993 साली, दूरदर्शनवर, रजित कपूरच्या रूपात.

त्या भेटीबद्दल जरा सविस्तर लिहायला हवं. आमचं इस्लापूर हे किनवट तालुक्यातलं गाव. जवळच सहस्रकुंडाचा धबधबा, पैनगंगा ओलांडली की यवतमाळ जिल्हा, आणि दुसऱ्या अंगाला आज तेलंगणा म्हणतो तो मुलूख. आमच्या भागात धोतर म्हणजे आजोबांचा पेहराव. बैलामागं चालणाऱ्याचा, बाजाराला कापूस घेऊन जाणाऱ्याचा. शिकलेला माणूस पँट घालतो, साहेब पँट घालतो, तालुक्याला कचेरीत जायचं तर शेतकऱ्याचा पोरगाही पँट घालून जातो. गुप्तहेर तर कोट-टोपीवालाच असणार, यात कुणाला शंका नव्हती. 1985 च्या ‘करमचंद’नं तेवढं बदललं होतं; पंकज कपूरचा गाजर खाणारा, काळा चष्मेवाला गुप्तहेर आम्हाला तोंडपाठ होता. तरीही तो शहरीच. आणि एके दिवशी पडद्यावर पांढऱ्याशुभ्र धोतर-कुर्त्यातला एक तरुण आला. चप्पल काढून तो कुणाच्याही दिवाणखान्यात बसतो, आवाज चढवत नाही, पोलीस अधिकाऱ्यासमोर दबत नाही, आणि त्या खोलीतला सगळ्यांत बुद्धिमान माणूस तोच असतो. त्याला ‘डिटेक्टिव्ह’ म्हटलेलं रुचत नाही. तो स्वतःला सत्यान्वेषी म्हणवतो. धोतर नेसलेला माणूस प्रश्न विचारतोय आणि सुटाबुटातला उत्तरं देताना अडखळतोय, हे दृश्य आमच्या गावासाठी नवं होतं. ते धोतर बंगाली भद्रलोकांचं होतं, आमच्या रानातलं नव्हतं, हे पुढं कळलं. पण पाहताना जी छाती फुगली, ती खोटी नव्हती.

त्या मालिकेचे दिग्दर्शक बासू चटर्जी चित्रपटांत येण्याआधी बरीच वर्षं ‘ब्लिट्झ’मध्ये व्यंगचित्रं काढत. चार रेषांत माणूस पकडण्याची ती सवय या मालिकेत मला दिसते. सेट साधे, प्रकाश साधा, सगळा भर चेहऱ्यांवर. 2015 मध्ये दिबाकर बॅनर्जींनी सुशांतसिंह राजपूतला घेऊन दुसऱ्या महायुद्धातलं कलकत्ता उभं केलं. त्यातल्या ब्योमकेशचं धोतर कायम आहे, पण अंगात मुरलेपण नाही. तो धडपडतो, चुकतो, रक्त पाहून हादरतो. अनेकांना तो आवडला नाही. मला तो कच्चा पोरगा आवडला, कारण कोणताही सत्यान्वेषी जन्मतः रजित कपूर नसतो.

मराठीत बाबुराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, काळा पहाड, धनंजय ही नावं एका पिढीच्या जिभेवर होती. पण पडद्यावर खरा दुसरा-तिसरा जन्म लाभला तो फेणेला. फुरसुंगीचा बनेश फेणे पुण्याच्या विद्याभवनात शिकतो, काही अजब दिसलं की त्याच्या तोंडून ‘ट्टॉक’ निघतं, आणि मोठ्यांना जे दिसत नाही ते त्याला दिसतं. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर सुमीत राघवननं तो केला. तेव्हा तो स्वतःही पोरसवदा होता, त्यामुळे पुस्तकातली चित्रं आणि पडदा यांत फट राहिली नाही.

आदित्य सरपोतदारच्या 2017 च्या चित्रपटानं मोठी उडी घेतली. बन्या वैद्यकीय प्रवेशपरीक्षेसाठी पुण्यात येतो आणि राहतो कुणाकडे? भा. रा. भागवतांकडे, त्या भूमिकेत दिलीप प्रभावळकर. नायक आपल्याच लेखकाच्या घरी उतरतो, ही क्षितिज पटवर्धनच्या पटकथेतली कल्पना मला अतिशय हृद्य वाटते. परीक्षेच्या निमित्तानं भेटलेल्या एका मुलाच्या मृत्यूला आत्महत्या म्हटलं जातं, बन्याला ते पटत नाही, आणि तो प्रवेशपरीक्षांच्या काळ्या धंद्यापर्यंत पोचतो. समोर गिरीश कुलकर्णींचा थंड डोक्याचा अप्पा. वय वाढलं, केस वाढले, अंगावर जाकीट आलं. तरी सायकल राहिली, ‘ट्टॉक’ राहिलं, आणि मुख्य म्हणजे न पटलेली गोष्ट न सोडण्याचा हट्ट राहिला. माझ्या लेखी फेणे फेणेच राहिला.

निर्माता रितेश देशमुख, लातूरजवळच्या बाभळगावच्या घराण्यातला. लातूरच्या माणसानं फेणेला प्रवेशपरीक्षेच्या रांगेत उभं करावं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. डॉक्टर होण्यासाठी घरदार सोडून आलेली पोरं, खोल्या, खानावळी, क्लासच्या पाट्या, निकालाच्या दिवशीचे मोठमोठे फलक: लातूर आणि नांदेडनं हे सगळं जवळून पाहिलंय. 2024 च्या जूनमध्ये नीट परीक्षेतल्या गैरप्रकारांच्या चौकशीचे धागे लातूरपर्यंत आले आणि नांदेडच्या दहशतवादविरोधी पथकानं तपास हाती घेतला, तेव्हा मला पहिल्यांदा आठवला तो हा चित्रपट. सात वर्षांपूर्वी पटकथाकारानं रचलेली गोष्ट आमच्या वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर आली होती.

म्हणूनच पुढचा फेणे कुणी करणार असेल, तर माझी एक मागणी आहे. त्याचं वय, केस, कपडे खुशाल बदला. मुलगी केलीत तरी चालेल. माझी काही हरकत नाही. फक्त तिला फुरसुंगीहून आणू नका. आदिलाबादकडून येणाऱ्या गाडीत सहस्रकुंड स्टेशनवर बसवा, मांडीवर पुस्तकांची पिशवी द्या. आमच्याकडची पोर मराठीशेजारी तेलुगू, गोंडी आणि गोरमाटी ऐकत वाढते. डब्यात समोर बसलेली दोन माणसं, हिला काय कळणार म्हणून, तेलुगूत पेपरचा भाव ठरवत असतील, आणि ती खिडकीबाहेर बघत शब्द न् शब्द टिपून घेत असेल. तिथून गोष्ट सुरू करा.