घरी घडविलेला नाद

कोठी म्हटले की हैदराबादेतील आमच्या वयाच्या मराठी माणसास दोन ठिकाणे हटकून आठवतात. एक, 1907 साली स्थापन झालेली विवेकवर्धिनी. आणि दुसरे, तिथून पायी जाण्याजोगी गुजराथी गल्ली. पहिल्या ठिकाणी आम्हांस वडिलांनी धाडले. दुसऱ्या ठिकाणी आम्ही त्यांस न विचारता जात असू. बँक स्ट्रीटलगतच्या त्या बोळात रेझिस्टर, कपॅसिटर, ट्रान्झिस्टर असे जिन्नस वाण्याच्या दुकानातील मोहरी-जिऱ्याप्रमाणे कप्प्याकप्प्यांतून मांडलेले असत. खिशात पाचाची नोट असली तरी दुकानदार आम्हांस गिऱ्हाईक समजे, ही गोष्ट त्या वयात लहान नव्हती.

हाय-फाय म्हणजे काय, याचे उत्तर एका शब्दात द्यायचे तर ‘इमान’. मूळ ध्वनीशी यंत्राने राखलेले इमान. 1947 साली विल्यमसन या अभियंत्याने ‘वायरलेस वर्ल्ड’ या इंग्रजी मासिकात आपल्या अँप्लिफायरची रचना प्रसिद्ध केली आणि ती पाहून जगभरच्या हौशी लोकांनी घरोघरी यंत्रे जुळविली. त्याच वर्षी अमेरिकेतील हीथ कंपनीने सुट्या भागांची किटे विकण्यास आरंभ केला. तिचा तो व्यवसाय 1992 पर्यंत चालला. आपल्याकडे मात्र या छंदामागे हौसेइतकीच निकडही होती. परदेशी यंत्रांवर जबर जकात असे. कलकत्त्यास 1970 साली निघालेल्या सोनोडाइनसारख्या देशी कंपन्यांची यंत्रे चांगली असत, परंतु मध्यमवर्गीय नोकरदाराने ती काचेपलीकडूनच पाहावीत. मग उरे ती गुजराथी गल्ली, आबिड्सच्या पदपथावर रविवारी मिळणारे ‘इलेक्ट्रॉनिक्स फॉर यू’चे जुने अंक, आणि जुमेरात बाजारात मोडीत निघालेल्या रेडिओग्रामचा ट्रान्सफॉर्मर.

या नगरीस आणखी एक अनुकूलता होती. 1967 साली येथे इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया, म्हणजे आपली ईसीआयएल, स्थापन झाली. तिचे प्रवर्तक अय्यागारी सांबशिव राव यांचे नाव आजही ए. एस. राव नगर या वस्तीस आहे. वाड्यातील एखादे काका तेथे नोकरीस असले की साऱ्या मुलांना ते हक्काचे गुरुजी वाटत. सोल्डरिंग आम्ही अशाच एका काकांकडून शिकलो. ‘‘आधी तार तापव, मग कथील लाव. सोनार डाख देतो तेव्हा घाई करतो का?’’ हे त्यांचे वाक्य कोरडा जोड हाती आला की अजून कानांत घुमते.

आमचा पहिला अँप्लिफायर मात्र पहिल्याच सायंकाळी जळाला. 18-0-18 व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर, त्यापासून अधिक-उणे 25 व्होल्टचा पुरवठा, आणि शेवटी टू-एन-3055 हे त्या काळचे सर्वांचे लाडके पॉवर ट्रान्झिस्टर. कागदावर सारे बिनचूक होते. परंतु ट्रान्झिस्टर आणि ॲल्युमिनियमची हीटसिंक यांच्यामधला अभ्रकाचा पातळ पापुद्रा आम्ही एके ठिकाणी विसरलो होतो. बटण दाबताच ‘फट्’ असा आवाज झाला, धूर निघाला, आणि माजघरातून वडिलांनी फक्त एवढेच विचारले, ‘‘किती रुपये?’’

नवीन ट्रान्झिस्टर घेण्यास पुन्हा गल्लीत गेलो. शेजारी उभ्या असलेल्या एका वृद्ध मिस्त्रीने आमच्या हातातली जोडी पाहिली आणि हळूच सांगितले, ‘‘ये नक्को लेओ मियाँ, डुप्लिकेट है.’’ नंतर त्यानेच सिरीज बल्बची युक्ती सांगितली. नवे यंत्र थेट प्लगात खोचू नये. विजेच्या वाटेत 60 किंवा 100 वॅटचा साधा तारेचा बल्ब एकसरीत जोडावा. यंत्रात कोठे दोष असेल तर बल्ब लखलखतो आणि उष्णता त्याच्यात जाते, ट्रान्झिस्टर वाचतो. क्षणभर उजळून बल्ब मंदावला तर खुशाल पुढे जावे. आमच्या मते या छंदातील सर्वांत मोलाचे उपकरण हेच. मात्र आजचे एलईडी दिवे या कामाचे नाहीत, त्यामुळे जुन्या पद्धतीचे दोन बल्ब आम्ही देवघराच्या कपाटात जपून ठेवले आहेत. ज्या घरात लहान मुले आहेत तेथे आणखी एक पथ्य पाळावे: प्लग काढल्यावरही मोठ्या कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते, तेव्हा ती रेझिस्टरमधून जिरविल्यावाचून उघड्या यंत्रास हात लावू देऊ नये.

वॅटांच्या आकड्यांस आमचे वाचक भुलणार नाहीत, अशी आशा आहे. वॅट दुप्पट केले तर कानास जेमतेम 3 डेसिबलचा फरक जाणवतो. आवाज दुपटीने मोठा वाटावा असे म्हणाल तर शक्ती दसपट लागते. दिवाणखान्यात गाणे ऐकण्यास 25 वॅट पुष्कळ झाले. खरी परीक्षा असते ती स्पीकरच्या पेटीची. स्पीकरचा पडदा पुढे जितकी हवा ढकलतो तितकीच मागे ओढतो, आणि उघड्यावर ठेवला तर पुढची व मागची लाट एकमेकींस मारते. खर्ज नाहीसा होतो. म्हणून ती लाट कोंडण्यास पेटी. सुताराचे पैसे नसले की आमच्याकडे त्यावर माठाचा तोडगा असे: मातीच्या माठाच्या तोंडावर स्पीकर उपडा बसवायचा. शेजारच्या पाणपट्टीवर असा माठ दिवसभर घुमत असे. तो खर्ज भरदार खरा, परंतु इमानी नव्हे, कारण माठाची पोकळी आपलाच एक सूर आवडीने आळविते. मिरजेचा कारागीर तंबोऱ्यासाठी भोपळा निवडतो तो त्याने घुमावे म्हणून. स्पीकरच्या पेटीने मात्र स्वतः काही बोलू नये. 19 मिलिमीटरचे प्लायवुड, आत आडव्या पट्ट्या आणि कापसाचा थर, हे त्यासाठीच. तरी माठाची आम्हांस आजही अधूनमधून आठवण येते, हे कबूल केले पाहिजे.

हे सारे आज लिहिण्यास एक निमित्त घडले. आता हाताच्या पंजाएवढे तयार बोर्ड स्वस्तात मिळतात आणि कथिलास स्पर्शही न करता काम भागते. आम्हीही सोल्डरिंगची इस्त्री माळ्यावर टाकली होती. गेल्या वर्षी काचीगुड्याच्या दादाने एक कॅसेट आणून दिली. 1981 च्या दिवाळीत त्याने आमच्या आईकडून आग्रहाने म्हणवून घेतलेल्या जात्यावरच्या ओव्या तीत होत्या. आई जाऊन पुष्कळ वर्षे झाली. लहान टेपवर आवाज रजईखालून यावा तसा येई, शब्द लागत नसत. दादाला आता कमी ऐकू येते; तो म्हणाला, ‘‘तुला हे येतं ना? मग कर काहीतरी. अजून थोडे दिवसच ऐकू येईल मला.’’

तेव्हा जुना अँप्लिफायर खाली काढला. ओव्यांबरोबर त्यातून एक सलग ‘हूं’ येऊ लागला, विजेच्या 50 चक्रांचा. त्याचा माग काढण्यात तीन महिने गेले. ट्रान्सफॉर्मर थोडा फिरविला. अर्थिंगच्या साऱ्या तारा वेगवेगळ्या जागा सोडून एकाच बिंदूवर आणल्या. जाळीच्या वायरची जाळी एकाच टोकास जोडली. हूं विरला. तरीही आवाज झाकोळलेलाच. अखेर कॅसेट डेकच्या हेडशेजारचा बारीक स्क्रू आठवला. ज्या यंत्रावर ध्वनिमुद्रण झाले त्याच्या हेडचा कल निराळा असला की तार सूर बुडतात. पेचकस केसभर फिरविला आणि आईचा ‘स’ एकाएकी उमटला. मग बांगड्या ऐकू आल्या. दोन ओव्यांच्या मध्ये ती थांबते व कुणास तरी म्हणते, ‘‘दूध बघ गं, उतू जाईल.’’ इतक्या वर्षांत हे वाक्य आम्हां दोघांपैकी कुणालाच ऐकू आले नव्हते.

दादाने ते तीनदा लावावयास सांगितले. जाताना म्हणाला, असेच एक यंत्र मला करून दे. पेट्यांचे प्लायवुड कापून आले आहे, हीटसिंकही मिळाली. 18-0-18 चा चांगला ट्रान्सफॉर्मर मात्र अजून मिळावयाचा आहे. येत्या गुरुवारी जुमेरात बाजारात पाहू.