मनगटावरचा प्रकाश – लेखांक ७ : थरथरीतली खबर

मुंबई-गोवा महामार्गावरून मालवणचा रस्ता फुटतो ते कसाल. १५ सप्टेंबर २०२० रोजी ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही मोहीम राज्यभर सुरू झाली, तेव्हा अशा गावागावांत आशाताई आणि स्वयंसेवक घरोघरी ताप आणि ऑक्सिजन मोजू लागले. बोटाला लावायचा तो चिमटा, म्हणजे ऑक्सिमीटर, अनेक घरांनी तेव्हाच पहिल्यांदा पाहिला. आकडा ९५ च्या खाली गेला की पुढच्या तपासणीला पाठवले जाई.

हा चिमटा ज्यांच्या कल्पनेतून आला, ते जपानी अभियंते ताकुओ आओयागी त्याच वर्षी एप्रिलमध्ये वारले. हृदय किती रक्त बाहेर ढकलते, हे ते रक्तात रंगद्रव्य सोडून, कानातून पार जाणाऱ्या प्रकाशाने मोजू पाहत होते. पण नाडीच्या ठोक्यांमुळे आलेख सतत थरथरे. ती थरथर पुसून टाकण्याच्या खटपटीतच त्यांना उमगले, की हवी ती खबर तिच्यातच आहे. कातडी आणि हाड ठोक्यागणिक बदलत नाहीत. बदलते ते धमनीत येणारे ताजे रक्त. ऑक्सिजन घेतलेले हिमोग्लोबिन तांबडा प्रकाश कमी शोषते आणि अवरक्त जास्त. दोन्ही प्रकाशांतल्या थरथरीची तुलना केली, की ऑक्सिजनचे प्रमाण हाती येते, तेही रक्त न काढता! १९७४ साली त्यांनी हे जगापुढे मांडले.

मनगटातून प्रकाश आरपार जात नाही. म्हणून स्मार्ट घड्याळ परत फिरलेला प्रकाश मोजते, आणि नाडीसाठी बहुधा हिरवा वापरते. रक्त तो भरपूर शोषते, शिवाय तो फार खोल शिरत नसल्याने हात हलला तरी गोंधळ कमी होतो. नाडीच्या बाबतीत हे तंत्र खरोखर कामाचे आहे. अमेरिकेत चार लाखांहून अधिक अ‍ॅपल घड्याळधारकांचा अभ्यास झाला. अनियमित ठोक्यांची सूचना मिळाल्यावर ज्यांनी ईसीजीची पट्टी लावून तपासून घेतले, त्यांतल्या ३४ टक्क्यांमध्ये एट्रियल फिब्रिलेशन हा अनियमित ठोक्यांचा विकार आढळला.

ऑक्सिजनच्या आकड्याला मात्र जपावे लागते. लावणीच्या चिखलातून आलेले गारठलेले बोट, नखांवरचा गडद रंग, सैल पट्टा, यांपैकी काहीही त्याला चकवते. त्वचेचा रंगही चकवतो, आणि आपल्यासाठी ही सर्वांत महत्त्वाची बाब आहे. डिसेंबर २०२० मध्ये मिशिगनच्या संशोधकांनी दाखवले, की ऑक्सिमीटर ९२ ते ९६ दाखवत असताना रक्ततपासणीत ऑक्सिजन ८८ च्या खाली निघण्याचे प्रमाण गोऱ्या रुग्णांत ३.६ टक्के, तर कृष्णवर्णीयांत ११.७ टक्के होते. सावळ्या त्वचेवर नीट तपासलेले उपकरण मिळणे हा इथल्या माणसाचा हक्कच आहे.

आणि साखर? न टोचता रक्तातली साखर स्वतः मोजणाऱ्या एकाही घड्याळाला वा अंगठीला मान्यता नाही, असा इशारा अमेरिकेच्या एफडीएने फेब्रुवारी २०२४ मध्ये दिला. तशा जाहिराती दिसल्या तरी मधुमेहींनी घड्याळ पाहून इन्सुलिनचा डोस कधीही बदलू नये.