जोडधंदे किती आणि हात किती?



गट ऑफिसात बिलाची चौकशी करायला आलेल्या सभासदाला विचारावे, "उसाबरोबर आणखी काय करता?" तर यादी लवकर संपत नाही. तीन एकर ऊस, दोन एकर कापूस, चार गाई, गावात किराणा आणि वर एक ट्रॅक्टर ऊस वाहतुकीला लावलेला. पाच ठिकाणांहून पैसा येतो म्हणून माणूस खूष असतो. पण पाच ठिकाणी पैसा जातोही, आणि धावणारा मात्र एकटाच. दोन वर्षांत तो मेटाकुटीला येतो. घरातली बाई तर त्याच्या आधीच येते, कारण गाईंची धार, दुकानाचा गल्ला आणि खुरपणाऱ्या बायका हे सगळे तिच्याच गळ्यात पडते. ती बोलत नाही इतकेच.

आपल्या जिल्ह्यात नुसत्या उसावर राहू नये हे खरेच आहे. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले, ते मांजरा धरण कोरडे पडल्यामुळे. ते धरण आपल्याच केज तालुक्यात धनेगावला आहे. तेव्हा जोडधंदा हवाच. प्रश्न आहे तो किती आणि कोणता.

त्यासाठी एक साधी रीत आहे. प्रत्येक धंद्याचे काही दिवस असे असतात की ते काम उद्यावर टाकता येत नाही. ते दिवस गोठ्याच्या भिंतीवर महिन्यावार मांडावेत. दोन धंद्यांचे न टळणारे दिवस एकाच माणसावर आले, की त्यातला एक धंदा बुडालाच म्हणून समजा.

खोडव्याचेच बघा. ऊस तुटून गेला की पाचट न जाळता सरीत ठेवायचे, बुडखे जमिनीलगत छाटायचे आणि १५ दिवसांच्या आत पहारीने खताचा पहिला हप्ता द्यायचा. दुसरा हप्ता १३५ दिवसांनी. हे पहिले १५ दिवस कोणाचे चुकतात? ज्याचा ट्रॅक्टर वाहतुकीला आहे त्याचे. स्वतःचा फड तुटलेला असतो आणि मालक मुकादमाच्या मागे, नाही तर दुसऱ्याच्या फडात फसलेली ट्रॉली काढण्यात गुंतलेला. शिवाय टोळीला दिलेली उचल असते. टोळी आली नाही किंवा अर्ध्यातून निघून गेली, तर ती रक्कम उसाच्या बिलातून फिटत राहते. वाहतुकीचा धंदा वाईट नाही. पण तो पूर्णवेळ धंदा आहे, त्याला जोडधंदा समजू नये. करायचा असेल तर भावाने किंवा मुलाने फक्त तोच करावा.

सुरू उसाचेही तसेच. नत्राचे चार हप्ते असतात. लागणीला १० टक्के, ६ ते ८ आठवड्यांनी ४० टक्के, १२ ते १६ आठवड्यांनी १० टक्के आणि मोठ्या बांधणीला उरलेले ४० टक्के. जानेवारीच्या लागणीची बांधणी मे अखेर ते जूनमध्ये येते, म्हणजे ऐन कापूस लावायच्या घाईत. बांधणी लांबली की उसाची वाढ मार खाते. मग माणूस म्हणतो, उतारा पडत नाही, आणखी एक एकर लावू! पाणी असते आहे त्या उसापुरतेच. वाढवायचे तर एकरी टन वाढवावेत. दोन एकर नीट बांधलेला ऊस चार एकर अर्धवट उसापेक्षा बरा.

आता कोणता धंदा ठेवावा? गाईंचा पैसा दर दहा दिवसांनी हातात येतो, हा मोठाच आधार. पण धार दिवसातून दोनदा, वर्षाचे ३६५ दिवस. घरात दोन धडधाकट माणसे गोठ्यासाठी मोकळी असतील तरच चार गाई पाळाव्यात, नाही तर दोन पुरेत. हंगामात नुसत्या वाढ्यावर गाई ठेवू नयेत. वाढ्यातल्या ऑक्झॅलेटमुळे अंगातला कॅल्शियम कमी होतो. वाढ्यावर चुन्याची निवळी शिंपडावी आणि सोबत दुसरी वैरण द्यावी.

गेवराई तालुक्यातील रुईसारख्या गावांनी तुतीची वाट धरली, तिचा विचार करण्यासारखा आहे. तुतीला उसापेक्षा पाणी फार कमी लागते. एक बॅच साधारण महिन्याभराची, आणि १०० अंडीपुंजांना चांगल्या संगोपनात ६० ते ७० किलो कोष मिळतात. कोष घेऊन पूर्वी कर्नाटकात रामनगरला जावे लागे. २०१८ साली जालन्याला कोषबाजार सुरू झाल्यावर तो हेलपाटा वाचला.

कष्ट मात्र कमी नाहीत. पाचव्या अवस्थेच्या सात-आठ दिवसांत अळी एकूण पाल्यापैकी ८० टक्क्यांहून जास्त पाला खाते, तेव्हा घरातले सगळे हात तिथेच लागतात. पण ते दिवस आधी ठाऊक असतात आणि संपतात, गाईसारखे रोजचे नाहीत. आणखी एक सोय अशी, की कडक उन्हाळ्यात अळ्यांना ताप सोसत नाही म्हणून मे महिन्यात बॅच न घेतलेली बरी. तेवढ्यात उसाची मोठी बांधणी उरकते. तुतीजवळच्या शेतात कापूस असेल तर शेजाऱ्याला फवारणीआधी सांगायला सांगावे. वाऱ्याने आलेल्या औषधानेही बॅच जाते.

प्रत्येक धंद्याची वही वेगळी ठेवावी. किराण्याची उधारी उसाच्या बिलातून भरली की दुकान चालल्यासारखे दिसते, आणि ऊस परवडत नाही असे वाटू लागते. वर्षभर वह्या वेगळ्या ठेवून बघा. ज्या वहीत शेवटी काही उरत नाही, ते काम पुढच्या पाडव्याला बंद करावे. दुकान असेल तर उधारी वसुलीला तीन महिने आधीच लागावे, म्हणजे पैसे हंगाम संपण्याच्या आत, लोकांच्या हातात बिल असतानाच येतील.